दर पावसात गिटारची ॲक्शन चढते, जानेवारीत तार झणझणते: सेटअपला देण्याआधी आणि परत घेताना

तक्रार ठरलेली असते. जुलैत बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तारांची उंची, म्हणजेच ॲक्शन, एवढी वाढते की बार कॉर्ड धरताना मनगट भरून येतं. गिटार दुकानात जाते, कारागीर सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती, ब्रिज नावाच्या लाकडी तुकड्यात बसवलेली पट्टी) घासून देतो आणि महिना-दोन महिने सगळं झकास चालतं. चतुर्थी होते, दिवाळी होते, आणि जानेवारीत तीच गिटार सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर झणझणायला लागते. परत दुकान. आता सॅडलखाली जाड कागदाची किंवा पत्र्याची पट्टी सरकवली जाते. पुढच्या जुलैत पट्टी काढून पुन्हा घासणं. असे तीन-चार पावसाळे गेले की सॅडल ब्रिजच्या वर दीड मिलिमीटरसुद्धा उरत नाही, आणि मग ‘गिटारच वाईट निघाली’ असा निकाल लागतो.

बहुतेक वेळा गिटार धडधाकट असते. फुगलेल्या लाकडावर माप घेऊन सॅडल कापलेली असते, एवढंच. म्हणून पहिली सूचना: भर पावसात, गिटार कोरडी केल्याशिवाय, सॅडल घासायला देऊ नका. ट्रस रॉड (मानेतली, म्हणजे नेकमधली, बाक कमीजास्त करणारी सळई), नट (डोक्याजवळची, तारांच्या खाचा असलेली पट्टी), फ्रेट यांचं काम त्यानंतर.

फुगतं नेमकं काय

लाकूड ओलावा घेतं तेव्हा रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं वाढतं. गिटारची वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड, आणि कडेने बाजूच्या फळ्यांना पक्की चिकटवलेली. तिला आडवं पसरायला जागा नाही, मग ती वर फुगते. फुगवटा ब्रिजच्या आसपास सगळ्यात जास्त. ब्रिज वर गेला की सॅडल वर जाते आणि सॅडलसोबत तारा. कोरड्या दिवसांत उलटं होतं: फळी बसते, ब्रिज खाली येतो, तारा फ्रेटला टेकू लागतात. अखंड लाकडाच्या फळीत हा फरक जास्त दिसतो, प्लायवूडच्या फळीत कमी, पण अगदी शून्य नाही.

पखवाज किंवा घुमट वाजवणाऱ्या घरात हे वेगळं समजावायला नको. पावसात चामडं उतरतं, आरतीआधी घुमट शेकून घ्यावं लागतं. गिटार मात्र शेकायची नाही. ऊन, हेअर ड्रायर, चुलीशेजारची भिंत, सगळं वर्ज्य. फळी एका बाजूने झपाट्याने सुकली की रेषेत तडकते, आणि ब्रिजखालचा डिंक उष्णतेने मऊ पडतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत गिटार राहिली तर ब्रिज मागून उचलला जाण्याची सुरुवात तिथेच होते.

नेकचं वागणं असं सरळ नसतं. फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली पुढची पट्टी) एका लाकडाचा, मागची मान दुसऱ्या लाकडाची. ओलाव्यात बाक कुठल्या बाजूला जाईल ते त्या जोडीवर ठरतं. पावसाळा आला म्हणून ट्रस रॉड अमुक दिशेने पाव फेरा फिरवा, असा नियम कुणी सांगितला तर ऐकू नका. मोजा, मग फिरवा.

आधी हवा मोजा

गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. आपल्याकडे गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये घरातली हवा ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात सहज असते, जुन्या चिऱ्याच्या घरात बाहेरच्या भिंतीला लागून त्याहूनही जास्त. त्या भिंतीवर खिळा मारून गिटार टांगली तर मागची फळी रात्रंदिवस ओल पीत राहते. आतल्या भिंतीवर टांगा, नाहीतर केसमध्ये, म्हणजे गिटारच्या पेटीत, ठेवा.

परदेशी व्हिडिओ बघून केलेली एक चूक इथे वारंवार दिसते. थंड देशांत हिवाळ्यात घरं तापवतात, हवा कोरडी होते, म्हणून तिकडचे लोक साउंडहोलमध्ये (वरच्या फळीतल्या गोल भोकात) ओला स्पंज ठेवतात. पणजी-म्हापशात जुलै महिन्यात तोच स्पंज ठेवणं म्हणजे बुडत्याला पाणी पाजणं. आपल्याला ओलावा काढायचा आहे.

केसमध्ये ठेवायला छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) घ्या, पण आकड्यावर आंधळा विश्वास नको. स्वस्त हायग्रोमीटर पाच-सात टक्क्यांनी चुकणं नेहमीचं. तपासणी घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये आणि वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा, मीठ यंत्राला लागू देऊ नका. आठ ते बारा तासांनी आकडा ७५ दिसायला हवा. ८१ दिसला तर तुमचं यंत्र ६ जास्त दाखवतं. मागे पेनने ‘−६’ लिहून ठेवा आणि पुढे तेवढे वजा करत जा.

कोरडी कशी करायची

डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) असलेली खोली असेल तर ५० ते ५५ टक्क्यांवर लावून गिटार स्टँडवर उघडी ठेवा, दहा ते चौदा दिवस. एसी फक्त रात्री चालत असेल तर रात्री केस उघडी आणि सकाळी एसी बंद करण्याआधी केस बंद. बरेच जण नेमकं उलटं करतात, म्हणजे रात्री बंद आणि दिवसा उघडी, आणि मग एसीचा काही उपयोग होत नाही म्हणून कुरकुरतात.

एसी नसेल तर हार्ड केस आणि सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे). २५० ग्रॅमच्या दोन कापडी पिशव्या पुरतात: एक डोक्याच्या बाजूला, दुसरी खांद्याच्या खाचेत, पॉलिशला किंवा तारांना न टेकता. हार्ड केससुद्धा हवाबंद नसते, त्यामुळे पावसात जेल तीन-चार दिवसांत भरतं. नारंगी दाणे हिरवे झाले की जेल भरलं. पिशवीतून काढून ताटात पातळ पसरा, ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा, थंड झाल्यावर परत भरा. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्टचं क्षार असतं. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ते नकोच. केसमधला आकडा ४५च्या खाली गेला तर एक पिशवी काढून घ्या.

दोन्हीकडून काम करणाऱ्या, म्हणजे ओलावा घेणाऱ्या आणि सोडणाऱ्याही, ४९ टक्क्यांच्या पुड्या बाजारात मिळतात. त्या चांगल्या आहेत, पण टिकवण्यासाठी, सुकवण्यासाठी नाहीत. पावसात ओल्या गिटारसोबत ठेवल्या तर आठवड्यात फुगून बसतात.

या काळात तारा सुरात ताणलेल्याच ठेवा. १२ गेजच्या (पहिली तार ०.०१२ इंच जाड) संचाचा एकूण ताण साधारण ७० ते ७५ किलो असतो. तो काढून घेतला तर नेक आणि फळी वेगळ्याच जागी स्थिर होतात आणि माप फसतं.

आकड्यांत फरक किती पडतो

समजा, ८४ टक्के आर्द्रतेत मोजलं तेव्हा बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली ३.४ मिमी अंतर आहे आणि नेकचा बाक ०.३० मिमी आहे. हवं आहे २.४ मिमी. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे सॅडल जेवढी उतरते त्याच्या निम्मंच अंतर तिथे कमी होतं. म्हणजे १.० मिमी उतरवायला सॅडलमधून २.० मिमी काढावे लागतील. सॅडल ब्रिजच्या वर ३.५ मिमी असेल तर उरली १.५.

तीच गिटार दोन आठवडे ५० टक्क्यांवर ठेवल्यावर फळी बसली आणि अंतर २.८ झालं. बाक ०.३० वरून ०.१८ वर आणला की आणखी जेमतेम ०.१ मिमी मिळतो, म्हणजे २.७. आता कमी करायचे आहेत ०.३, सॅडलमधून काढायचे ०.६. सॅडल २.९ उरते.

जुलैतल्या मापाने २.० मिमी कापलेली गिटार कोरड्या दिवसांत १.८ मिमीवर येऊन बसली असती. हलक्या बोटांनी वाजवणाऱ्याला कदाचित चाललं असतं. चर्चच्या कॉयरमध्ये किंवा लग्नात पिकने जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याची सहावी तार प्रत्येक ठोक्याला फ्रेटवर आपटली असती. जानेवारीतल्या झणझणीचं मूळ हे.

मोजायची हत्यारं

१५० मिमीची स्टीलची पट्टी, जिचा शून्य थेट कडेपासून सुरू होतो आणि जिच्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा आहेत. एक कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा). आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच). हे संगीताच्या दुकानात शोधू नका, मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात टॅपेट सेट करायचा म्हणून मिळतो, तोच.

बाक मोजायचा तर गिटार वाजवण्याच्या स्थितीत मांडीवर धरा, टेबलावर आडवी ठेवून नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो, नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर (बहुतेकांना चौदावा) सहावी तार बोटाने दाबा. आता तार म्हणजे सरळ पट्टीच झाली. सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेच्या तळाखाली किती फट आहे ते फीलरने बघा: ०.१५ ते ०.२५ मिमी चांगलं. फीलर नसेल तर जुन्या संचातल्या १२ गेजच्या पहिल्या तारेचा तुकडा घ्या, तो ०.३० मिमी असतो. सहाव्या तारेला न उचलता तो आरामात सरकला तर बाक जास्त आहे. फट मुळीच नसेल तर नेक मागे वाकलेली आहे.

झणझण कुठे होते त्यावरून कारण

इथे घाई करू नका, कारण ‘बझ येतो’ एवढ्यावर केलेला सेटअप अर्ध्या वेळा चुकतो. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, मध्यम जोराने, एकेकदा वाजवा आणि कागदावर टिपा.

फक्त उघडी तार झणझणते, कुठेही दाबली की स्वच्छ: नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून बघा. झणझण गेली तर निदान पक्कं. पण उघड्या तारेचा आवाज झणझणीपेक्षा सतारीच्या जवारीसारखा लांबट, चरचरीत असेल तर खाच खोल नसून तिचा तळ सपाट किंवा मागे उतरता आहे आणि तार काठावर नीट टेकत नाही. सॅडलचा माथा झिजून सपाट झाला तरी अशीच जवारी येते. ती मग दाबलेल्या सुरांवरही ऐकू येते.

पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझण, वर स्वच्छ: बाक कमी आहे किंवा नेक मागे वाकली आहे. ट्रस रॉड सैल करायचा. सहा ते बारा या पट्ट्यात झणझण आणि बाक योग्य: ॲक्शन कमी, किंवा एखादा फ्रेट उठलेला. एकाच तारेवर एकाच सुराला होत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे, किंवा दाबलेला फ्रेट झिजून खड्डा पडला आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेखाली पहिल्या तीन फ्रेटवर असे खड्डे आधी पडतात, कारण सगळे उघडे कॉर्ड तिथेच धरले जातात.

चौदाव्या फ्रेटच्या पुढे झणझण: बॉडीवर चिकटलेला फिंगरबोर्डचा शेपटाकडचा भाग वर आला आहे. हे ट्रस रॉडने जात नाही. ट्रस रॉडचा प्रभाव तिथवर पोचतच नाही, तरीही लोक तो पिळत बसतात.

कुठल्याही तारेवर वाजवला तरी एकाच विशिष्ट स्वराला काहीतरी खुळखुळतं: फ्रेटकडे बघूच नका. ट्यूनिंग मशीनच्या (तारा ताणायच्या खुंट्यांच्या) पुढच्या बाजूचा षट्कोनी नट सैल असतो (बहुतेक बंद मशीनना १० मिमीचा पाना लागतो), पिकअपची (तारांचा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणाऱ्या पट्टीची) वायर आतून फळीला आपटते, तारेचं कापलेलं टोक डोक्यावर थरथरतं, किंवा आतली ब्रेस (फळीला आधार देणारी लाकडी पट्टी) सुटलेली असते. बोटाच्या पेराने वरच्या आणि मागच्या फळीवर ठिकठिकाणी टकटक करा. सुटलेल्या ब्रेसजवळ आवाज फाटका येतो.

दुकानातल्या कामाचा क्रम

चांगला कारागीर आधी तारा बदलतो, म्हणजे तुम्ही नेहमी वापरता त्या गेजच्या नव्या तारा. १० गेजवर सेटअप करून घरी १२ चढवल्या तर बाकही बदलतो आणि ॲक्शनही. मग बाक, मग नट, आणि सगळ्यात शेवटी सॅडल. कारण बाक बदलला की पुढची दोन्ही मापं हलतात. सॅडल आधी घासून नंतर ट्रस रॉडला हात लावणारा कारागीर दिसला तर गिटार परत मागून घ्यावी.

ट्रस रॉडची चावी साउंडहोलमधून किंवा डोक्यावरच्या झाकणाखाली लागते, बहुतेक गिटारींना ४ किंवा ५ मिमीची ॲलन की. घड्याळाच्या दिशेने घट्ट, म्हणजे बाक कमी. एका वेळी आठवा हिस्सा फेरा, फार तर पाव. परत सुरात लावायची, परत मोजायचं. दोन पाव फेऱ्यांत काही हललं नाही किंवा चावी कचकचली तर तिथेच थांबायचं. षट्कोन घसरून गोल झाला की काम दहापट वाढतं. नायलॉन तारांच्या बऱ्याच क्लासिकल गिटारींना ट्रस रॉड नसतोच, तेव्हा शोधत बसू नका.

नटची तपासणी सोपी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्या तळाखाली बघा. केसाएवढी फट हवी. बोटाने टिचकी मारली की बारीक ‘टिक’ ऐकू यावं. तार टेकलेली असेल तर खाच खोल, पोस्टकार्ड सरकत असेल तर उंच. नट उंच असला की पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड हाताला नको होतो आणि उघडे कॉर्ड चढे लागतात. मशीन फिरवताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर उडी मारतो तेव्हा तार खाचेत अडकते आहे. पेन्सिलचं शिसं खाचेत घासलं की बहुतेक वेळा भागतं.

सॅडल नेहमी खालून घासायची. माथ्याला फिंगरबोर्डची गोलाई आणि सूर जुळवण्यासाठी पुढेमागे कापलेल्या कडा असतात. तिथे कानस फिरवली की सूर गेले. काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, सॅडलच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने रेघ मारून, सॅडल उभी धरून घासतात, रेघेच्या ०.१ मिमी आधी थांबून ४०० नंबरवर सफाई. तळ काटकोनात आणि सपाट राहायलाच हवा, विशेषतः खाली पिकअप असेल तर. तळाला जरा पोट राहिलं की ॲम्प्लिफायरवर मधल्या तारा गरजतात आणि कडेच्या पुटपुटतात, आणि लोक पिकअपला शिव्या देतात. हाड घासत असाल तर तोंडाला मास्क बांधा. परत बसवताना सॅडल उलटी जाऊ नये म्हणून सहाव्या तारेच्या टोकाला आधीच खूण करा.

लक्ष्य: बाराव्या फ्रेटवर सहावी २.४ मिमी, पहिली १.८. बोटांनी हळू वाजवणाऱ्याला २.० आणि १.५ चालतं. जोरदार स्ट्रमिंगला सहावी २.६ ठेवली तरी काही बिघडत नाही.

सेटअपने न सुटणाऱ्या गोष्टी

ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. कडेच्या पॉलिशमध्ये केसभर गेला तर सोडून द्या. दोन-तीन मिलिमीटर आत गेला तर ब्रिज उचलला जातो आहे आणि सॅडल घासणं निरर्थक. ब्रिज पूर्ण काढून, जुना डिंक खरवडून, कोऱ्या लाकडावर लाकडाचा डिंक लावून क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेवावा लागतो. फटीत फेविक्विक सोडून वरून विटा ठेवल्या तर दोन महिने टिकेल, आणि नंतरच्या कारागिराला ब्रिजसोबत फळीचे रेषेही उपटावे लागतील.

ब्रिजमध्ये तारा अडकवणाऱ्या पिन वर येतात आणि तार घसरते तेव्हा पिन ठोकून बसवू नका. तारेच्या टोकाचा गोळा पिनच्या टोकावर अडकलेला असतो. तो आतल्या ब्रिज प्लेटला (ब्रिजखाली आतून चिकटवलेल्या लाकडी पट्टीला) खालून टेकायला हवा. तार घालताना टोक जरा वाकवा, पिन हलका बसवून तार वर ओढा, मग पिन दाबा. मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा साउंडहोलमधून घालून बघितलं की सहाही गोळे दिसतात.

नेकचा कोन तपासायला लांब सरळ पट्टी फ्रेटवर उभी ठेवा, टोक ब्रिजकडे. पट्टी ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावर किंवा त्याच्या थोडी वर जायला हवी. कोरड्या गिटारवरही ती ब्रिजच्या कपाळाला धडकत असेल, आणि सॅडल आधीच दीड-दोन मिमी उरली असेल, तर नेक काढून कोन बदलावा लागतो. मार्टिनसारख्या डव्हटेल (खाचेत गुंतवून चिकटवलेल्या) जोडाच्या गिटारमध्ये त्यासाठी वाफ घालून जोड सोडवतात; टेलरच्या नव्या गिटारींची नेक बोल्टने बसवलेली असते, तिथे काम बरंच सुटसुटीत. सुरुवातीच्या किमतीच्या गिटारवर हा खर्च गिटारपेक्षा जास्त होतो. तिथे आहे तशी स्लाइडसाठी (तारांवर नळी सरकवून वाजवण्यासाठी) किंवा खालच्या सुरात लावून वापरणं शहाणपणाचं. ही पट्टीची चाचणी जुलैत, गिटार न सुकवता केली तर जवळजवळ प्रत्येक गिटार नापास होते, हे विसरू नका.

कारागिराला काय सांगायचं

‘ॲक्शन एकदम लो करा’ हे सांगणं सगळ्यात घातक. कारागीर सांगितलं तसं करतो आणि झणझण घेऊन तुम्ही परत जाता. त्याऐवजी तारांचा गेज सांगा, पिकने की बोटांनी वाजवता ते सांगा, सूर अर्ध्या स्वराने खाली लावत असाल तर तेही, कारण सैल तारेला जास्त जागा लागते. झणझणीचा कागद द्या. गिटार किती दिवस किती टक्क्यांवर होती ते सांगा. पेडण्याहून किंवा साखळीहून कदंबा बसने पावसात आणायची तर जेलच्या पिशव्यांसकट हार्ड केसमध्ये आणा, आणि दुकानात एसी नसेल तर ‘चार दिवसांनी करतो, ठेवून जा’ याला हो म्हणू नका; चार दिवसांत तुमची दोन आठवड्यांची मेहनत वाहून जाते. वेळ ठरवून त्याच दिवशी काम करून घ्या.

परत घेताना दहा मिनिटं दुकानातच बसा. क्लिप ट्यूनरवर लावा. प्रत्येक तार चौदाव्या फ्रेटपर्यंत वाजवा. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर यांत तीन-चार सेंटपेक्षा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) जास्त फरक नको. सॅडलचा काढलेला भाग म्हणजे भुकटी, ती परत येत नाही. पण नवी सॅडल बसवली असेल तर जुनी मागून घ्या. आणि बाक, पहिल्या व सहाव्या तारेची ॲक्शन, सॅडलची ब्रिजवरची उंची आणि त्या दिवसाची आर्द्रता एका चिठ्ठीवर लिहून केसमध्ये टाका. पुढच्या वेळी वाद नको.

किरकोळ, पण दरवर्षी विचारलं जाणारं

किनाऱ्यालगत खाऱ्या हवेत साध्या तारा लवकर काळ्या पडतात. गंजलेली तार सुरात लागत नाही आणि फ्रेटही खाते. कोटिंग असलेल्या तारा इथे पैसे वसूल करतात. वाजवून झालं की सुती फडक्याने तारेच्या खालूनही पुसा. फिंगरबोर्डला खोबरेल लावू नका, खवट होऊन चिकटतं; शिसवीच्या बोर्डला लेमन ऑइलचे पाच-सहा थेंब वर्षातून एकदा, तेही जानेवारीत. कोरड्या महिन्यांत किंवा सतत एसीत फ्रेटची टोकं बोटाला बोचू लागली तर बोर्ड आकसला आहे. टोकं तेव्हाच घासून घ्यावीत, पावसात ती आपोआप लपतात.

घर कोरडं ठेवणं जमतच नसेल तर

दोन सॅडल करून घ्या. पहिली कोरड्या मापाची, गिटार ५० टक्क्यांवर असताना बसवलेली. दुसरी तिच्यासारखीच, फक्त खालून ०.८ ते १.० मिमी कमी. पावसात चढलेले अर्धा मिलिमीटर ती खाऊन टाकते. दोन्ही हाडाच्याच घ्या आणि खाचेत बोटाने दाबून बसतील, पण उलटी केल्यावर आपोआप पडणार नाहीत एवढ्या जाडीच्या. तळावर पेन्सिलने ‘पा’ आणि ‘को’ लिहा. खाली पिकअप असेल तर बदलताना पक्कडीने सरळ वर ओढा, तिरकं केलं की पिकअपची पट्टी दुमडते. ‘पा’ घालायची ती बाराव्या फ्रेटवर तुमच्या चिठ्ठीपेक्षा ०.४ मिमी जास्त दिसलं की, बहुधा जूनच्या शेवटी. काढायची ती कॅलेंडर बघून नाही, तर सहावी तार २.१ च्या खाली आली की. कधी दिवाळीआधी, कधी थेट नाताळच्या सुमारास.